लिनक्स संगणकांमधील सामायिक फोल्डर आणि परवानगीचे दोष

एका लिनक्स संगणकावरचा फोल्डर नेटवर्कवरून दुसऱ्या लिनक्स संगणकावर उघडताना, वाचताना किंवा त्यात लिहिताना मिळणारा नकार म्हणजे परवानगीचा दोष. पडद्यावर तो बहुधा ‘परमिशन डिनाइड’ एवढ्याच शब्दांत दिसतो. त्यामागची कारणे मात्र अनेक असतात, आणि आपल्यापुढे त्यांतले कोणते आहे हे ओळखण्यातच बहुतेक वेळ जातो. कोकण किनाऱ्यावर डीटीपीची दुकाने, होमस्टे, आंब्याच्या पेट्या रवाना करणारी छोटी कार्यालये अशा ठिकाणी दोन-चार जुने संगणक लिनक्स घालून चालू ठेवता येतात आणि एका संगणकावरचा फोल्डर सगळ्यांत वाटून घेता येतो. अशा जागी वारंवार जाणारी लाइट आणि पाहुण्यांना दिलेले वाय-फाय या दोन गोष्टी या दोषांमागे बऱ्याचदा असतात. म्हणून या नोंदीत त्यांचाही विचार केला आहे.

लिनक्सवर यासाठी मुख्यतः एनएफएस, म्हणजे नेटवर्क फाइल सिस्टिम, वापरतात. सन मायक्रोसिस्टिम्सने ती १९८४ मध्ये तयार केली. तिची तिसरी आवृत्ती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली, चौथीचे पहिले तपशीलपत्रक २००० मध्ये आले. आज बहुतेक वितरणे, म्हणजे उबुंटू, फेडोरा यांसारखी लिनक्सची तयार रूपे, चौथीच वापरतात आणि तिला २०४९ हा एकच पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरचे दार, पुरतो. जिथे विंडोजचे संगणकही जोडलेले असतात तिथे सांबा, म्हणजे विंडोजच्या पद्धतीने फोल्डर वाटणारा प्रोग्रॅम, असतो.

नाव नव्हे, आकडा

एनएफएसच्या नेहमीच्या मांडणीत सर्व्हर, म्हणजे फोल्डर देणारा संगणक, माणसाला नावाने ओळखत नाही. तलाठ्याकडे सातबारा काढायला गेल्यावर ‘आमची वरची बाग’ म्हणून भागत नाही, सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर सांगावा लागतो. इथेही तसेच आहे. क्लायंट, म्हणजे फोल्डर मागणारा संगणक, प्रत्येक विनंतीबरोबर वापरकर्त्याचा आकडा (यूआयडी), त्याच्या मुख्य ग्रुपचा आकडा (जीआयडी) आणि जास्तीत जास्त १६ इतर ग्रुपांचे आकडे पाठवतो. सर्व्हर ते आकडे खरे मानतो आणि फाइलवरच्या आकड्यांशी ताडून पाहतो. पासवर्ड विचारत नाही.

तारकर्लीतल्या एखाद्या होमस्टेचे उदाहरण घेऊ. माजघरात सर्व्हर म्हणून एक जुना संगणक आहे, पडवीत पाहुण्यांची नोंद करायचा दुसरा. सर्व्हरवर आधी ‘मालक’ हे खाते तयार झाले, त्याचा आकडा १०००. मग ‘नोंद’ हे खाते झाले, त्याचा १००१. पडवीतल्या संगणकावर मात्र ‘नोंद’ हे एकच खाते काढले, म्हणून तिथे त्यालाच १००० मिळाला, कारण उबुंटू, डेबियन, फेडोरा या सगळ्यांत पहिल्या माणसाला १००० हाच आकडा मिळतो. आता पडवीतून ‘नोंद’ने लिहिलेली फाइल सर्व्हरवर ‘मालक’च्या नावाने पडते. ‘मालक’चे खासगी फोल्डर ‘नोंद’ला सहज उघडतात आणि ‘नोंद’चे स्वतःचे फोल्डर त्याला बंद असतात. दोन्ही संगणकांवर नाव तेच आहे, म्हणून माणूस नाव तपासत बसतो आणि नावात चूक सापडतच नाही.

हे पकडायला एकच कमांड पुरते. दोन्ही संगणकांवर फोल्डरमध्ये जाऊन ‘एलएस -एलएन’ द्यावी. शेवटच्या ‘एन’मुळे नावांऐवजी आकडे दिसतात. मग ‘आयडी’ ही कमांड देऊन आपला आकडा पाहावा. फाइलवर १००१ आणि आपण १००० असे निघाले तर दोष सापडला. उपाय म्हणजे सगळ्या संगणकांवर एका माणसाला एकच आकडा देणे. ‘यूजरमॉड -यू’ने आकडा बदलतो आणि होम फोल्डरमधल्या फायलींची मालकीही बदलते. होमबाहेरच्या फायलींवर मात्र जुना आकडा तसाच राहतो, त्या शोधून त्यांची मालकी हाताने बदलावी लागते. ज्याचा आकडा बदलायचा तो त्या वेळी लॉगइन केलेला नसावा. दुकान उघडताना पहिल्याच दिवशी वहीत आकड्यांचा तक्ता लिहून ठेवला तर पुढचा त्रास टळतो.

चौथ्या आवृत्तीत यात एक गोंधळ मिसळतो. मालकाचे नाव दाखवताना ती ‘नाव@डोमेन’ अशी देवाणघेवाण करू शकते, पण लिहू द्यायचे की नाही हे ठरवताना नेहमीच्या मांडणीत आकडाच चालतो. दोन संगणकांवर नावे आणि आकडे जुळवणाऱ्या ‘आयडीमॅपडी’च्या फाइलमधले डोमेन वेगळे असेल तर सगळ्या फायली ‘नोबडी’ या बिनअधिकाराच्या खात्याच्या मालकीच्या दिसतात. नव्या कर्नेलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, कर्बेरॉस ही ओळख पटवणारी व्यवस्था वापरलेली नसेल तर मूळ सेटिंगनुसार आकडेच पाठवले जातात, त्यामुळे हा प्रकार बराच कमी झाला आहे. जुना सर्व्हर आणि नवा क्लायंट अशी जोडी असेल तर तो अजून भेटतो.

रूटलाही नकार

क्लायंटवर ‘सुडो’ लावून, म्हणजे सर्वाधिकारी ‘रूट’ होऊनही काम होत नाही म्हणून अनेकजण चक्रावतात. सर्व्हरवर ‘रूट स्क्वॉश’ हे बंधन मुळातच चालू असते. क्लायंटवरून आलेला रूट, म्हणजे आकडा ०, सर्व्हर ६५५३४ करून टाकतो, आणि तो आकडा ‘नोबडी’चा असतो. त्यामुळे साध्या माणसाला उघडणारी फाइल रूटला उघडत नाही, आणि मालकी बदलायला गेल्यास ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ असे उत्तर येते. हे बंधन योग्य आहे. ते काढून टाकणारा ‘नो रूट स्क्वॉश’ हा पर्याय फार सहज सुचवला जातो, पण तो दिला की नेटवर्कवरच्या त्या संगणकाचा रूट सर्व्हरवरच्या त्या फोल्डरचाही रूट होतो. रात्रीचा बॅकअप रूटच्या नावाने चालतो आणि त्यात निम्म्या फायली सुटतात, ही तक्रार असेल तर बॅकअप सर्व्हरवरच चालवावा. तिथे रूटला कोणी अडवत नाही.

ग्रुपची गोष्ट

एका फोल्डरमध्ये तिघांनी लिहायचे असेल तर ग्रुप लागतो, आणि इथे सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. ग्रुपमध्ये माणूस घातला तरी त्याने पुन्हा लॉगइन करेपर्यंत चालू कामाला तो लागू होत नाही. त्याखेरीज, ग्रुपची यादी कोणत्या संगणकाची धरायची हे सर्व्हरच्या सेटिंगवर ठरते. साध्या मांडणीत क्लायंटने पाठवलेली यादी चालते. डेबियन आणि उबुंटूच्या सर्व्हरवर मात्र ‘मॅनेज जीआयडीज’ हा पर्याय मुळातच चालू असतो. तिथे क्लायंटची यादी बाजूला ठेवून सर्व्हर स्वतःच्याच नोंदी पाहतो. त्या आकड्याचा माणूस सर्व्हरवर नसेल तर त्याचे जादा ग्रुप शून्य. म्हणून एकाच दुकानात फेडोराचा सर्व्हर काढून उबुंटूचा ठेवला की काल चालणारे आज चालत नाही.

फोल्डरला ‘सीएचमॉड’ या परवानगी बदलणाऱ्या कमांडने २७७५ द्यावा. सुरुवातीच्या २ मुळे आत तयार होणारी प्रत्येक फाइल फोल्डरच्या ग्रुपची होते. तरीही यूमास्क, म्हणजे नव्या फाइलवरच्या कोणत्या परवानग्या काढायच्या ते सांगणारा आकडा, ०२२ असेल तर नवी फाइल ६४४ बनते, म्हणजे ग्रुपमधले इतर ती वाचू शकतात, बदलू शकत नाहीत. यूमास्क ००२ हवा. आणखी एक बारकावा असा की सर्व्हरवर बसून दुसऱ्या फोल्डरमधून ‘एमव्ही’ने हलवलेली फाइल त्याच डिस्कवर असेल तर जुना ग्रुप घेऊनच येते, ‘सीपी’ने केलेली प्रत नवा ग्रुप घेते. लग्नपत्रिकेचा मजकूर एकाने लिहिला, दुसऱ्याला मुद्रित सुधारता येत नाही आणि गिऱ्हाईक समोर उभे आहे, अशा वेळी बहुतेकदा यांतलेच काहीतरी असते.

७७७

अशा घाईत सगळ्यांना सगळे उघडे करणारा ‘सीएचमॉड ७७७’ दिला जातो. या नोंदीत त्याची शिफारस नाही, आणि सुरक्षितता हे त्यामागचे एकमेव कारण नाही. नकार फाइलच्या परवानगीमुळे आलाच नसेल तर ७७७ देऊन काहीच बदलत नाही. फाइलच्या परवानगीमुळे आला असेल तर आजच्या फायली उघडतात, उद्या सकाळी तयार झालेली नवी फाइल पुन्हा ६४४ आणि पुन्हा तोच नकार. दोष तसाच राहतो आणि आकडा कोणाचा चुकला हे शोधण्याची खूण मात्र पुसली जाते.

बेड्यावरच अडवलेली विनंती

कोकणातल्या घरात आधी बेडे, म्हणजे आवाराचे फाटक, मग पडवी, मग माजघर. एनएफएसची विनंतीही अशीच आत जाते. या क्लायंटला फोल्डर द्यायचा का हे बेड्यावर ठरते, फक्त वाचायला की लिहायलाही हे पडवीत, आणि फाइलवरचे आकडे माजघरात. माउंट करतानाच, म्हणजे तो फोल्डर आपल्या संगणकाला जोडतानाच, ‘ॲक्सेस डिनाइड बाय सर्व्हर’ आले तर विनंती बेड्यावर अडली आहे, फाइलच्या परवानग्यांना हात लावू नये. उत्तरच आले नाही आणि कमांड लटकून राहिली तर बहुधा फायरवॉल किंवा तार पाहावी. परवानगी नसती तर निदान नकार तरी आला असता.

बेड्याचे नियम सर्व्हरवर ‘/ईटीसी/एक्सपोर्ट्स’ या फाइलमध्ये असतात. तिथली सर्वांत फसवी चूक एका मोकळ्या जागेची आहे. ‘१९२.१६८.१.२०(आरडब्ल्यू)’ असे सलग लिहिले तर त्या संगणकाला लिहिण्याची परवानगी मिळते. कंसाआधी जागा सोडली तर त्या संगणकाला मूळ सेटिंग, म्हणजे फक्त वाचणे, आणि बाकी साऱ्या जगाला लिहिण्याची परवानगी. फाइल बदलल्यावर ‘एक्सपोर्टएफएस -आरए’ द्यावी लागते, आणि ‘एक्सपोर्टएफएस -व्ही’ दिल्यावर सर्व्हरने प्रत्यक्षात काय वाचले ते दिसते. आपण काय लिहिले त्यापेक्षा हे पाहणे महत्त्वाचे.

लाइट गेल्यानंतर

पावसाळ्यात लाइट जाते आणि येते. काही राउटर पुन्हा सुरू झाल्यावर आयपी पत्त्यांची जुनी वाटणी विसरतात, पडवीतल्या संगणकाला कालच्या २० ऐवजी आज २३ मिळतो आणि सर्व्हर त्याला ओळखत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीत कित्येक दिवस वीज नव्हती. इतक्या मोठ्या खंडानंतर वाटणी सहज बदलू शकते. राउटरमध्ये प्रत्येक संगणकाचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक, लिहून त्याचा आयपी कायमचा बांधून टाकावा.

सोपा म्हणून दुसरा मार्ग दिसतो, अख्खे ‘१९२.१६८.१.०/२४’, म्हणजे त्या नेटवर्कवरचे सगळे पत्ते, लिहून टाकण्याचा. होमस्टेमध्ये तो घेऊ नये. वाय-फायचा पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला असतो. तो घेतलेला कोणीही पाहुणा आपल्या लॅपटॉपवर १००१ आकड्याचे खाते काढून इतर पाहुण्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती पाहू शकतो, कारण सर्व्हर आकड्यावर विश्वास ठेवतो. पाहुण्यांसाठी राउटरवर वेगळे गेस्ट नेटवर्क असावे. खरी ओळख पटवायची तर कर्बेरॉस आहे, पण त्यात संगणकांच्या घड्याळांत मूळ सेटिंगनुसार ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. बोर्डावरची बॅटरी मेलेला जुना संगणक इंटरनेट नसताना चालू झाला की चुकीची तारीख घेतो आणि कर्बेरॉस त्याला दारातच परत पाठवतो.

लाइट आल्यावर आणखी दोन प्रकार घडतात. सर्व्हरला जोडलेली यूएसबी डिस्क उशिरा चढते, म्हणजे माउंट होते, आणि एनएफएस तिच्याऐवजी रिकामा फोल्डर वाटून मोकळा होतो. तो फोल्डर रूटचा असतो, म्हणून लिहिताना नकार येतो. कोणी घाईने त्याची परवानगी सैल केली तर दिवसभराचे काम भलत्याच डिस्कवर जाते आणि मूळ डिस्क वर चढली की ते झाकले जाते. एक्सपोर्टमध्ये ‘माउंटपॉइंट’ हा पर्याय लिहिला तर डिस्क चढल्याखेरीज फोल्डर वाटलाच जात नाही. दुसरा प्रकार ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’ या संदेशाचा. एक्सपोर्टमध्ये ‘आरडब्ल्यू’ असूनही तो आला तर अचानक वीज गेल्याने किंवा खाऱ्या दमट हवेने झिजलेल्या जोडणीमुळे डिस्कवर चूक झाली असेल आणि लिनक्सने ती फक्त वाचनासाठी ठेवली असेल. सर्व्हरवर ‘डीमेसेज’, म्हणजे कर्नेलचे संदेश दाखवणारी कमांड, देऊन पाहावी. डिस्कच्या चुका दिसल्या तर परवानग्यांशी खेळ थांबवून आधी प्रत काढावी, मग डिस्क तपासावी.

इतर ठिकाणे

फेडोरा आणि रेड हॅटच्या घराण्यात आकडे बरोबर, एक्सपोर्ट बरोबर, तरी नकार, असे झाले तर एसईलिनक्स, म्हणजे परवानग्यांवरचा आणखी एक सुरक्षा पहारा, पाहावे. ऑडिटच्या लॉगमध्ये ‘एव्हीसी डिनाइड’ अशी ओळ मिळते. ते कायमचे बंद करू नये, लागेल तेवढा एकच स्विच चालू करावा. सांबामध्ये खात्याचा पासवर्ड वेगळा असतो, तो ‘एसएमबीपासडब्ल्यूडी -ए’ने आधी द्यावा लागतो. लिनक्सवरून सांबाचा फोल्डर माउंट करताना ‘यूआयडी’ हा पर्याय दिला नाही तर फायली सहसा रूटच्या मालकीच्या दिसतात आणि साध्या माणसाला लिहिता येत नाही. माउंट होतानाच ‘एरर १३’ आला तर आधी पासवर्ड तपासावा.

फायलीची परवानगी पाहताना वरच्या प्रत्येक फोल्डरचीही पाहावी, कारण त्यांतल्या एकावर जरी ‘एक्स’, म्हणजे आत शिरण्याची परवानगी, नसला तरी आत जाता येत नाही. ‘नेमआय -एल’ला पूर्ण मार्ग दिला की सगळे फोल्डर एकाखाली एक दिसतात. उबुंटूच्या नव्या आवृत्त्यांत होम फोल्डर ७५०, म्हणजे मालक आणि ग्रुप सोडून बाकीच्यांना बंद, असतो, त्यामुळे होममधला फोल्डर इतरांना वाटताना नेमके हेच घडते. वाटायचे फोल्डर होमबाहेर, ‘/एसआरव्ही’खाली ठेवावेत.