हे तुमचं, हे मला मिळालेलं

जकात म्हटलं की मराठी माणसाला आधी नाका आठवतो आणि त्यामागे ट्रकांची रांग. शब्द अरबीच, पण मूळ अर्थ निराळा: वर्षभर शिल्लक राहिलेल्या पैशातला चाळिसावा हिस्सा, गोरगरिबांच्या हक्काचा.

या पैशाचा हिशेब मागण्याची एक जुनी नोंद हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहात आहे. बनू सुलैम टोळीकडे वसुलीला धाडलेला इब्न अल-लुतबिया मदिनेला परतला, तेव्हा पैगंबरांनी त्याचा हिशेब घेतला. त्याने मालाचे दोन वाटे केले. ‘हे तुमचं, आणि हे मला भेट मिळालं.’ पैगंबर मिंबरावर, म्हणजे मशिदीतल्या प्रवचनाच्या व्यासपीठावर चढले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, हा आईबापाच्या घरी बसून राहिला असता, तर भेटी चालत आल्या असत्या का? पुढचा इशारा आणखी कडक होता: असं घेतलेलं जनावर कयामतच्या दिवशी मानेवर लादलेलं असेल, उंट असेल तर ओरडत, गाय असेल तर हंबरत. गंमत म्हणजे चोरी कोणी केलीच नव्हती. आक्षेप होता तो पदामुळे आलेल्या भेटीवर. वसुलीदाराने फुकट राबावं, असंही नव्हतं. कुराणात जकातीचे जे आठ हक्कदार सांगितलेत, त्यांत तोही आहे.

वक्फचा, म्हणजे धर्मादाय म्हणून कायमची राखून ठेवलेल्या मालमत्तेचा पायाही याच काळातला. पैगंबरांचे सहकारी उमर यांना अरबस्तानातल्या खैबरमध्ये जमीन मिळाली. तिचं काय करू, असं विचारल्यावर पैगंबरांचा सल्ला होता: मूळ राखून ठेव, उत्पन्न दान कर. जमीन विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारसांत वाटायची नाही. देखभाल करणाऱ्याने रीतीप्रमाणे खावं, साठवू नये.

पुढे उमर खलिफा झाले. अबू हुरैरा यांनी बहरीनहून पाच लाख दिरहम आणले, तेव्हा आकड्यावर उमर यांचा विश्वासच बसेना, असं सांगतात. त्यांच्याच कारकिर्दीत, ६४०च्या सुमारास, वाटपाची नोंदवही म्हणजे दिवाण सुरू झाली. हा पैसा जकातीचा नव्हे, राज्याच्या महसुलाचा. पण नाव लिहून देण्याची शिस्त तिथली.

वक्फ मात्र बराच काळ कुटुंबांच्या आणि देखभाल करणाऱ्यांच्याच हातात राहिले. इजिप्तचे काझी तौबा इब्न निम्र यांनी ७३६मध्ये ते आपल्या देखरेखीखाली घेतले, कारण हे दान अखेर गरिबांचं, आणि ते बुडू नये किंवा वारशात मुरू नये. त्यांच्या हयातीतच त्याचं मोठं दफ्तर उभं राहिलं. ब्रिटिश हिंदुस्थानात मुतवल्लीने, म्हणजे वक्फची देखभाल करणाऱ्याने, दरवर्षी न्यायालयात हिशेब द्यावा, असा कायदा झाला तो १९२३मध्ये.