'ग्रो' कुठे चालतं, कुठे अडतं
(इंग्रजी संभाषण वर्गाच्या विद्यार्थ्यांसाठी)

वाढणे, वाढवणे, पिकवणे, उगवणे, मोठं होणे या सगळ्यांसाठी इंग्रजी बोलताना आपल्या तोंडी आधी 'ग्रो' येतं. बऱ्याचदा ते बरोबरही असतं. जिथे अडतं, त्या जागा नीट पाहू.

रूपं तीन: ग्रो, ग्रू, ग्रोन. 'आय ग्रोन अप इन सांगली' चूक, 'आय ग्रू अप इन सांगली' बरोबर. 'ग्रोन' क्रियापद म्हणून एकटं येत नाही. त्याच्याआधी हॅज, हॅव, हॅड किंवा इज, आर लागतं: 'ग्रेप्स आर ग्रोन इन नाशिक.'

पीक घेणं म्हणजे 'ग्रो'. पण 'गेल्या आठवड्यात ऊस लावला' इथे 'प्लँटेड' म्हणा. लावण काही दिवसांत उरकते, 'ग्रो'मध्ये तिथून तोडणीपर्यंतची सगळी मेहनत येते. दाढी, केस, नखं वाढवायलाही 'ग्रो' चालतं. मुलांना मात्र नाही. 'शी ग्रू थ्री चिल्ड्रन' ऐकलं की वाफ्यात मुलं लावल्यासारखं वाटतं. तिथे 'ब्रॉट अप' किंवा 'रेझ्ड' हवं. शेळ्या-कोंबड्या पाळण्यालाही 'रेझ' किंवा 'कीप'.

भाव आणि ताप 'राइज' होतात किंवा 'गो अप'. वजन वाढलं तर 'आय हॅव पुट ऑन वेट'. मागणी, विक्री, लोकसंख्या, अर्थव्यवस्था यांना 'ग्रो' शोभतं, पण पुढचा छोटा शब्द सांभाळा. समजा, महिन्याची विक्री 40 हजारांवरून 50 हजारांवर गेली. 'सेल्स ग्रू बाय टेन थाउजंड' म्हणजे वाढ दहा हजारांची. 'सेल्स ग्रू टू फिफ्टी थाउजंड' म्हणजे आकडा पन्नास हजारांवर पोहोचला. 'बाय फिफ्टी थाउजंड' म्हणालात, तर समोरचा विक्री 90 हजार धरेल. कर्जासाठी बँकेत बोलताना ही चूक महागात पडते.

'इट ग्रू डार्क' म्हणजे हळूहळू अंधारलं. वाक्य बरोबर आहे, पण जरा पुस्तकी. रोजच्या बोलण्यात 'इट गॉट डार्क' सहज वाटतं.

'ग्रो अप' माणसांसाठी. रोप मोठं झालं तर नुसतं 'ग्रू' पुरे. मोठ्या माणसाला 'ग्रो अप!' म्हणणं म्हणजे 'पोरकटपणा सोड' असं खडसावणं, तेव्हा जपून.

जूनमध्ये शिवलेला गणवेश दिवाळीपर्यंत तोकडा झाला: 'ही हॅज ग्रोन आउट ऑफ हिज युनिफॉर्म.' मुद्दाम सैल शिवला असेल तर: 'ही विल ग्रो इनटू इट.'

एखादं गाणं ऐकता ऐकता आवडू लागतं, तेव्हा 'द साँग ग्रू ऑन मी'. इथे गाणं आधी, माणूस शेवटी. 'आय ग्रू ऑन द साँग' म्हटलं तर गाण्यालाच आपण आवडू लागलो असा अर्थ होतो.

आणि ताटात भात वाढणं? तिथे 'सर्व्ह'.