जन्मठेप आणि चौदा वर्षांचा घोळ

‘जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे’ हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की, चौदा वर्षांनंतरही बंदी घरी आला नाही तर त्याच्या घरच्यांना तो अन्याय वाटतो. कारागृह शिक्षेसाठी की सुधारणेसाठी, या जुन्या वादाचा सर्वात मोठा गुंता याच आकड्यात आहे.

१८९४ चा तुरुंग कायदा कठोर शिस्तीचा मानला जातो. परंतु माफीची पद्धत त्यालाही ठाऊक होती. चांगली वर्तणूक आणि नेमून दिलेले काम यांबद्दल मिळालेले माफीचे दिवस जमा होत आणि तेवढी शिक्षा घटत असे. १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने बंद्याची सुधारणा हे कारागृहाचे उद्दिष्ट म्हणून मांडले. औंध संस्थानाने त्याही पुढे जाऊन १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही वसाहत उभारली. तेथे बंदी कोटाच्या भिंतीशिवाय राहू लागले, शेती करू लागले.

खरा घोळ स्वातंत्र्यानंतरचा आहे. १९५६ पासून काळ्या पाण्याच्या जागी जन्मठेप आली, पण तिची वर्षे कोठेच लिहिली गेली नाहीत. दंडसंहितेच्या एका कलमात चौदाचा आकडा होता, तो शासनाला शिक्षा सौम्य करता यावी म्हणून. दुसऱ्या कलमात वीसचा होता, तो शिक्षेचा अंश, जसे निम्मी शिक्षा, काढण्याच्या हिशेबापुरता. माफी धरून आपली वीस वर्षे भरली, असे म्हणत एका बंद्याने दाद मागितली तेव्हा १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मिळाला की, जन्मठेप म्हणजे उरलेले संपूर्ण आयुष्य, आणि शासनाचा आदेश नसेल तर नुसत्या माफीच्या दिवसांवर सुटका होत नाही. ज्या मुदतीला शेवटच नाही, तिच्यातून कमावलेले दिवस वजा तरी कसे करायचे?

१९७८ साली फौजदारी प्रक्रिया संहितेत भर घालण्यात आली. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यात जन्मठेप झालेल्याने माफी न धरता प्रत्यक्ष चौदा वर्षे भोगलीच पाहिजेत, असे ठरले. ही किमान अट होती. लोकांनी तिला कमाल मुदत मानले. महाराष्ट्रात १९९२ आणि २०१० साली मुदतपूर्व सुटकेची मार्गदर्शक तत्त्वे निघाली. त्यांत गुन्ह्याच्या स्वरूपानुसार वर्गवारी असून प्रत्येक वर्गाला भोगावयाची वर्षे वेगळी आहेत. वर्तणुकीला स्थान आहे, पण बंदी कोणत्या वर्गात बसतो हे ठरते ते त्याच्या गुन्ह्यावरून, म्हणजे जी गोष्ट तो आता काही केल्या बदलू शकत नाही तिच्यावरून. सुधारणेची भाषा करणाऱ्या व्यवस्थेने याचा विचार करायलाच हवा.

२००८ साली आणखी एक वळण आले. फाशी टाळून, पण माफीचा लाभ न देता जन्मठेप देण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने काढला आणि २०१५ साली घटनापीठाने बहुमताने तो उचलून धरला. फासापासून जीव वाचवणारा हा मार्ग आहे आणि त्याचे मोल कमी नाही, पीडितांच्या कुटुंबांचे दुःखही त्यामागे आहे. परंतु पुढच्या वीस-तीस वर्षांत माणूस कितीही बदलला तरी ते हिशेबात धरायचे नाही, हे निकालाच्या दिवशीच ठरवून टाकणे मला पटत नाही.

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलमाचा क्रमांक बदलला. चौदा वर्षांची किमान अट मात्र तशीच राहिली.