टायरमधली हवा

गाडीच्या टायरमधली हवा म्हणजे खरं तर हवेचा दाब, आणि तो आपल्याकडे पीएसआयमध्ये, म्हणजे दर चौरस इंचाला किती पाउंड यात मोजतात (दाबाचं दुसरं एकक बार, १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय). मीटरवर दिसतो तो वातावरणाच्या वरचा दाब, म्हणून पूर्ण बसलेल्या टायरवर शून्य येतं.

हवेच्या टायरचा शोध कोणाचा यावर जुना वाद आहे. बहुतेक ठिकाणी बेलफास्टचा जनावरांचा डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप आणि १८८८ साल सापडतं, पण स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसनने १८४५ मध्येच पेटंट घेतलं होतं आणि त्यामुळेच डनलॉपचं पेटंट पुढे रद्द झालं, तेव्हा कल्पना थॉमसनची आणि ती लोकांपर्यंत नेली डनलॉपने हे म्हणणं जास्त पटतं. टायरमध्ये हवा भरायचा, आजही चालतो तो श्रेडर व्हॉल्व्ह कुठे १८९१ चा सांगतात तर कुठे १८९३ चा. पेटंट १८९३ चं आहे, तेच धरलेलं बरं.

हवा किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतं, छोट्या गाड्यांना बहुधा ३० ते ३५. टायरवर छापलेला आकडा जास्तीत जास्त मर्यादेचा असतो, तो भरायचा नाही. आणि स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा, म्हणजे गाडी तीनेक तास उभी असतानाचा. इथेच सगळ्यांची गल्लत होते. दुपारी हायवेवरून येऊन पंपावर थांबलात, मीटरने ३७ दाखवलं, पोराने पिन दाबून फुस्स करत स्टिकरवरच्या ३३ वर आणलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी तोच टायर २९ वर असतो. १० अंश सेल्सिअसला दीडेक पीएसआयचा फरक पडतोच, तो धरूनच स्टिकरचा आकडा ठरवलेला असतो.

उन्हाळ्यात टायर फुटेल म्हणून हवा कमी ठेवतात ते तर अगदी उलटं आहे, कृपया करू नका. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते, त्या दुमडण्यानेच टायर आतून तापतो आणि लांबच्या वेगाच्या रस्त्यावर तोच फुटायची भीती जास्त. कमी हवेचा टायर दोन्ही कडांना झिजतो, जास्त हवेचा मध्ये.

टायरमध्ये हवेऐवजी नायट्रोजन भरण्याबद्दल मतं वेगवेगळी आहेत, पण साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो, त्यामुळे रोजच्या गाडीला महिन्यातून एकदा साधी हवा चेक केली तरी पुरतं.

स्टेपनीची हवाही बघावी. काही गाड्यांत छोटी बारीक स्टेपनी येते, तिला ६० पीएसआय लागतं.