ऑनलाइन हिरा घ्यायचाय, पण जोडीदाराचा जीव धजावत नाही? साखरपुड्याच्या अंगठीआधी वाचायचं माहितीपत्रक

आम्ही हिरे विकत नाही. ग्राहकाने कुठूनही आणलेला सुटा हिरा तपासून देणं आणि तो अंगठीत बसवून देणं, एवढंच आमच्या पेढीचं काम. हिरा सुटा आणलात तर बसवायची मजुरी आम्हाला मिळते, हा आमचा स्वार्थ आधीच सांगून टाकतो. हे पत्रक अशा जोडप्यांसाठी आहे, ज्यांच्यात एकाने हिरा मोबाइलवर पसंत करून ठेवलाय आणि दुसरं माणूस "बघू" म्हणून विषय टाळतंय.

आधी भीती नेमकी कशाची ते काढा

"ऑनलाइन स्वस्त पडतो" या वाक्याने सुरुवात करू नका. ज्याला फसवणुकीची भीती आहे त्याला स्वस्ताईने धीर येत नाही, उलट संशय बळावतो. खोटा निघेल, फोटोत दिसतो तसा नसेल, वाटेत गहाळ होईल, पुढे मोडताना कोणी घेणार नाही, घरच्या शेटाला (नेहमीच्या सोनाराला) काय सांगायचं: या भीती वेगवेगळ्या आहेत आणि एकीचं उत्तर दुसरीला लागू पडत नाही. म्हणून सरळ विचारा, यातली कुठली.

कधी कधी अडचण ऑनलाइनची नसतेच. तिला हिऱ्यापेक्षा पाटल्या हव्या असतात, किंवा लग्नाच्या खर्चात त्याला एवढी रक्कम एका अंगठीत घालायची नसते, आणि हे तोंडावर बोलणं जड जातं. तसं असेल तर पत्रक घडी करून ठेवा आणि आधी ते बोलून घ्या.

"खोटा निघाला तर?"

हिरे तपासणाऱ्या प्रयोगशाळेचा अहवाल (वजन, मापं आणि दर्जा लिहिलेला कागद) नसलेला हिरा ऑनलाइन घेऊच नका, मग विकणारा कितीही ओळखीचा असो. भारतात जीआयए आणि आयजीआय या दोन संस्थांचे अहवाल जास्त चालतात. दोघांच्या संकेतस्थळावर अहवाल क्रमांक टाकला की मूळ नोंद उघडते. विक्रेत्याने पाठवलेल्या पीडीएफवर विसंबू नका. शंका घेणाऱ्या माणसाच्या हातात फोन द्या आणि क्रमांक त्यालाच टाकू द्या. दहा वेळा "खरा आहे गं" म्हणण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

हाच क्रमांक बहुतेक अहवाल असलेल्या हिऱ्यांच्या कडेवर लेसरने कोरलेला असतो. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, दहापट भिंगाखाली शोधावा लागतो. पण क्रमांक जुळला म्हणजे काम संपलं असं समजू नका. नैसर्गिक हिऱ्याचा क्रमांक प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यावर कोरल्याची उदाहरणं जीआयएनेच जाहीर केलेली आहेत. अशा वेळी पकडून देतात ती मापं. अहवालात वजन कॅरेटच्या शंभराव्या भागापर्यंत आणि व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत दिलेला असतो. कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, तेव्हा इतक्या बारीक पातळीवर दोन वेगळे हिरे सगळ्याच आकड्यांत तंतोतंत जुळणं अवघड. आम्ही हिरा धुऊन कॅरेट काट्यावर तोलतो, गेजने व्यास आणि खोली मोजतो, मग अहवालात आतल्या खुणांचा नकाशा असेल तर त्याच्याशी ताडून पाहतो. दोघांनीही समोर बसून बघावं, हवं तर आकडे स्वतः लिहून घ्यावेत.

आमची मर्यादाही लक्षात असू द्या. हिऱ्यासारखे दिसणारे क्युबिक झिरकोनिया आणि मॉइसनाइट हे खडे आम्ही यंत्रावर वेगळे काढून देतो. नैसर्गिक आणि प्रयोगशाळेतला हिरा मात्र भिंगाने वेगळा ओळखता येत नाही, कारण दोन्ही खरेच हिरे. त्यासाठी हिरे तपासणाऱ्या प्रयोगशाळेची यंत्रं लागतात. मापात किंचितही फरक दिसला तर आम्ही हिरा तिकडे पाठवायला सांगतो.

घरगुती परीक्षा सोडून द्या. फुंकर मारून वाफ किती टिकते ते पाहणं, वर्तमानपत्राची अक्षरं दिसतात का बघणं, पाण्यात टाकणं, यांतून काही सिद्ध होत नाही. काचेवर ओरखडा तर साधा क्वार्ट्‌झही काढतो. आणि हातोडीची परीक्षा कोणी सुचवली तर त्या माणसाला हिऱ्याजवळ येऊ देऊ नका. हिरा सगळ्यात कठीण असला तरी ठरावीक दिशेने घाव बसला की सरळ चिरतो.

"फोटोत एक आणि हातात दुसरंच"

ही तक्रार येते तेव्हा खोट बहुधा हिऱ्यात नसते, पाहण्याच्या मोजमापात असते. एक कॅरेटचा गोल हिरा साधारण ६.५ मिलिमीटरचा. तो लॅपटॉपवर १५ सेंटिमीटर दिसत असेल तर तुम्ही त्याला २३ पट मोठा करून बघताय. तिथे दिसलेला काळा ठिपका हातात दिसेलच असं नाही, आणि उलट, अंगठी हातात आल्यावर "एवढाच?" असं वाटणं ठरलेलं.

म्हणून दोन गोष्टी करा. कागदावर ४.३, ५.१ आणि ६.५ मिलिमीटर व्यासाची वर्तुळं काढा, कापून बोटावर ठेवा. ही अनुक्रमे ३० सेंट, ५० सेंट आणि १ कॅरेटची मापं (सेंट म्हणजे कॅरेटचा शंभरावा भाग). नंतर शक्य असेल तर दोघं मिळून एखाद्या सराफाकडे जाऊन खऱ्या अंगठ्या घालून पाहा. मात्र "आज घेणार नाही, फक्त अंदाज घ्यायचाय" हे दारातच सांगा, आणि चवथ-दिवाळीच्या गर्दीत जाऊ नका. दुकानातल्या दिव्यांखाली काहीही लखलखतं, तेव्हा हिरा खिडकीपाशी नेऊन साध्या उजेडातही बघा.

पैसे घालायचे ते कटमध्ये, म्हणजे पैलू किती नेमके पाडलेत त्यात. गोल हिऱ्यासाठी जीआयएच्या अहवालात कटसमोर "एक्सलंट" हवं, पण ही श्रेणी बरीच रुंद आहे. त्यातही टेबल (वरचा सपाट पैलू) व्यासाच्या ५४ ते ५८ टक्के, एकूण खोली ५९ ते ६२.५ टक्के, वरचा कोन ३४ ते ३५ अंश आणि खालचा कोन ४०.६ ते ४१ अंश, असे आकडे शोधा. खालचा आणि वरचा, दोन्ही कोन जास्त असले तर उजेड तळातून निसटतो आणि टेबलाच्या कडेला काळपट वर्तुळ दिसतं. फार उथळ असला तर मध्यभागी माशाच्या डोळ्यासारखं पांढरट कडं उमटतं. खोली ६४ टक्क्यांच्या वर गेली तर वजन पोटात दडतं: पैसे १ कॅरेटचे आणि वरून दिसायला ९० सेंटचा. जीआयएच्या नेहमीच्या अहवालात गोल सोडून इतर आकारांना सहसा कटची श्रेणी नसते, म्हणून ओव्हल (लंबगोल) घेताना व्हिडिओ हवाच. मधोमध बो-टायसारखी काळी सावली हिरा फिरवला तरी हलत नसेल तर तो सोडा.

रंग आणि स्वच्छता (आतले डाग किती) यांत लोक नको तितके पैसे घालतात. रंगाची श्रेणी डी या रंगहीन अक्षरापासून सुरू होते, पुढच्या अक्षरांत पिवळसर झाक वाढत जाते. पिवळ्या सोन्यात आय किंवा जे रंगसुद्धा पांढराच वाटतो. व्हाइट गोल्ड किंवा प्लॅटिनमसाठी जी-एच पुरे. स्वच्छतेत व्हीएस२ (अगदी बारीक डागांची श्रेणी) घेतला तर गोल हिऱ्यात नुसत्या डोळ्यांना सहसा काही दिसत नाही. एसआय१ (त्याच्या खालची श्रेणी) घ्यायचा असेल तर डाग कुठे आहे ते विचारा. टेबलाखाली असेल तर नको. कडेला असेल तर तो प्राँगखाली (हिरा धरून ठेवणाऱ्या धातूच्या नखीखाली) झाकता येतो, आणि भावात फरक पडतो. फ्लुरोसन्स (अतिनील उजेडात हिऱ्याचं चमकणं) "स्ट्राँग" लिहिलं असेल तर उन्हातला व्हिडिओ मागा. गोव्याच्या उन्हात असे काही हिरे दुधाळ दिसतात. फेंट किंवा मीडियमची काळजी करू नका.

५०, ७०, १०० सेंट अशा गोल आकड्यांवर भाव एकदम चढतो. ९५ सेंटचा हिरा १ कॅरेटपेक्षा व्यासाने मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांनीच लहान असतो. ऑनलाइनचा खरा फायदा हाच: असा अडनिड्या वजनाचा हिरा एका दुकानात शोधत बसावं लागत नाही.

सुटा घ्या, बसवलेला नको

अंगठीत बसवलेला हिरा तोलता येत नाही, धातूमुळे रंग नीट कळत नाही, कडेवरचा क्रमांक प्राँगखाली जाऊ शकतो. सुटा मागवला तर तपासणीत नापास झाल्यावर तो आला तसा परत करता येतो. हिरा बसवून झाला की बहुतेक विक्रेते परत घेत नाहीत, म्हणून आम्ही दोघांचा होकार आल्याशिवाय बसवत नाही. बसवताना क्रमांकाची बाजू उघडी ठेवायला सांगा.

जोडीदाराला हेच नीट समजावा: पैसे भरले म्हणजे निर्णय झाला असं नाही. निर्णयाचा दिवस परतीच्या मुदतीतला, हिरा हातात असताना. "नको" म्हणायचा हक्क त्या दिवसापर्यंत शाबूत आहे, हे कबूल करा आणि पाळा.

त्यासाठी परतीची अट पैसे भरण्याआधी वाचा. रोख परत की दुकानाचं कूपन? परत पाठवताना विमा कोण भरणार? मुदत सहसा पार्सल पोचल्यापासून मोजतात, तुम्ही उघडल्यापासून नव्हे. चवथीच्या तोंडावर पार्सल आलं तर चार-पाच दिवस आरत्यांतच जातात, तपासणारे आणि परतीचं पार्सल उचलणारेही सुट्टीवर असतात. तेव्हा ऑर्डर त्यानंतरची ठेवा. परदेशी संकेतस्थळ पहिल्या खेपेस टाळाच. आयात शुल्क आणि जीएसटी भरून आलेला हिरा परत करणं म्हणजे कागदपत्रांची वेगळीच डोकेदुखी.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार विक्रेत्याने परतीच्या अटी आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव दाखवायला हवं, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायला हवी. नुसता मोबाइल क्रमांक असलेल्या इन्स्टाग्राम पानावरून म्हणूनच घेऊ नका. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने खटला आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात घालता येतो. सुरतेला खेटे घालावे लागत नाहीत.

पार्सल येईल तेव्हा

वाड्यावरच्या घराचा पत्ता कुरिअरवाल्याला सापडेलच असं नाही, आणि शेजारी ठेवून गेला तर विम्याची पंचाईत. कामाच्या ठिकाणचा पत्ता द्या, ओळखपत्र हाताशी ठेवा. सील फाटलेलं असेल तर घेऊच नका. उघडताना एकच सलग व्हिडिओ काढा: आधी चारही बाजू, मग सील, मग अहवाल आणि हिऱ्याची पुडी. पुडी मात्र घरी उघडू नका. ५ मिलिमीटरचा खडा चिमटीतून उडाला की लादीच्या सांधीत सापडत नाही.

हाताळलेला हिरा मंद दिसला तर घाबरू नका. हिऱ्याला तेल फार लवकर चिकटतं, आणि आपल्याकडे खोबरेल केसांतही असतं आणि बोटांवरही. अंगठी झाल्यावर घरी कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकून मऊ ब्रशने हिऱ्याच्या मागच्या बाजूने घासा, बेसिनचं बूच लावून. "आठ दिवसांत चमक गेली" या तक्रारीचं कारण बहुधा हेच असतं.

मोड, घरचा शेट आणि "लाभेल का?"

मोडीच्या बाबतीत जोडीदाराची शंका रास्त आहे. हिरा सोन्यासारखा मोडता येत नाही. ओळखीचा सराफ आपलाच माल बदलून घेतो. बाहेरचा हिरा घेताना भाव पाडतो किंवा नको म्हणतो. प्रयोगशाळेतला हिरा तर खूपच स्वस्त मिळतो आणि मोडीत त्याला जवळपास काहीच येत नाही. गुंतवणूक म्हणून घेत असाल तर ऑनलाइनच काय, कुठूनच घेऊ नका.

घरची तीन पिढ्यांची मंगळसूत्रं ज्या शेटाने केली त्याला डावलल्यासारखं वाटत असेल, तर हिरा ऑनलाइन घ्या आणि अंगठी त्याच्याकडेच घडवा. आमच्याकडेच आणा असं नाही. फक्त बसवताना हिऱ्याची कड उडाली तर जबाबदारी कोणाची, हे आधी कागदावर घ्या. कड फार पातळ असलेला हिरा आणि प्रिन्सेस (चौकोनी), मार्कीज (दोन टोकांचा) या आकारांचे टोकदार कोपरे यात आधी जातात. सोन्यावर हॉलमार्क आणि सहा अक्षरी एचयूआयडी (दागिन्याचा अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक) आहे ना, ते बीआयएस केअर ॲपवर बघा. बिलात हिऱ्याचं वजन, अहवाल क्रमांक, सोन्याचं वजन आणि मजुरी वेगवेगळी हवी.

आणि आजी म्हणाली, हिरा लाभतो का ते आधी पाहा? वाद घालू नका. दहा-पंधरा दिवसांची परतीची मुदत असेल तर त्यातले तीन दिवस हिरा देवघरात ठेवता येतो. फक्त पुडीसकट ठेवा, उशीखाली नको.

आमच्याकडे येताना

मूळ अहवाल, बिल, न उघडलेली पुडी आणि मुदत संपायची तारीख घेऊन या. शेवटच्या दिवशी नको, किमान तीन दिवस आधी. बोटाचं माप आम्ही घेतो. घरी घेणार असाल तर दुपारी एकदा, रात्री एकदा घ्या, कारण उकाड्यात बोट फुगतं. दुसऱ्या गावच्या घडणाऱ्याला पाठवताना नंबरऐवजी आतला व्यास मिलिमीटरमध्ये कळवा. आपला १२ म्हणजे साधारण १६.५ मिलिमीटर, अमेरिकन पद्धतीत तोच ६ होतो. साखरपुड्याचा मुहूर्त ठरला असेल तर सहा आठवडे आधी ऑर्डर द्या. एक हिरा परत गेला तरी दुसरा मागवून, घडवून, हॉलमार्क करून अंगठी वेळेत होते.