मिनीवाल्यांचा गोतावळा जमला कसा, त्यामागची हकीकत

जुन्या मिनीच्या, म्हणजे त्या इवल्याशा ब्रिटिश कारच्या शौकिनांबद्दल काहीही वाचायला घ्या, सुरुवात बहुतेक माँटे कार्लोच्या मोटर रॅलीपासून नाहीतर साठच्या दशकातल्या फॅशनेबल लंडनपासून होते. ते सगळं खरं आहे, पण माझ्या मते ही मंडळी एकमेकांना धरून राहिली ती गंजामुळे, पावसाच्या पाण्यामुळे आणि एका गाडीचं इंजिन दुसरीला बसतं म्हणून. हे पटवून द्यायचं तर गाडी मुळात बनली कशी तिथून सांगावं लागेल.

१९५६ ला सुएझचा पेच उभा राहिला, तेलाची वाट बंद झाली आणि डिसेंबरपासून ब्रिटनमधे पेट्रोलचं रेशनिंग लागलं ते पुढच्या मे महिन्यापर्यंत चाललं. लोकं इझेटा, मेसरश्मिट असल्या इवल्याशा जर्मन बबल कार घ्यायला लागले. ऑस्टिन आणि मॉरिस गाड्या बनवणाऱ्या बीएमसी कंपनीचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांना त्या गाड्या रस्त्यावर बघवत नव्हत्या, त्यांनी आपला इंजिनियर अ‍ॅलेक इसिगोनिसला सांगितलं की खरीखुरी छोटी कार बनव, फक्त इंजिन आपल्याकडे आहे तेच वापरायचं. ही अट मला फार महत्त्वाची वाटते, कारण ते इंजिन म्हणजे ए-सीरीज, आधीच मॉरिस मायनरमधे असलेलं, आणि पुढे किती गाड्यांमधे गेलं त्याला गणती नाही.

इसिगोनिसने इंजिन आडवं टाकलं, गिअरबॉक्स खाली सम्पमधे, म्हणजे इंजिनच्या तेलाच्या टाकीत बसवला, दोघांना तेल एकच. चाकं १० इंची, सस्पेन्शनला स्प्रिंगच्या जागी अ‍ॅलेक्स मोल्टनचे रबराचे कोन. त्यामुळे जेमतेम दहा फुटांच्या गाडीत साधारण ८० टक्के जागा माणसांना आणि सामानाला मिळाली. २६ ऑगस्ट १९५९ ला गाडी बाजारात आली, ऑस्टिन सेव्हन आणि मॉरिस मिनी-मायनर अशा दोन नावांनी, किंमत टॅक्स धरून ४९६ पौंडांच्या आसपास. फोर्डच्या लोकांनी एक मिनी विकत घेऊन पार सुटी केली, हिशोब मांडला आणि म्हणाले की या भावात कंपनीला एका गाडीमागे ३० पौंडांच्या आसपास तोटाच होत असणार. ग्राहकाला मात्र गाडी परवडली, सेकंडहँड झाल्यावर तर कॉलेजच्या पोरांनाही.

आता हेच सगळे निर्णय मालकाच्या डोक्याला ताप कसे झाले ते बघा. गिअर इंजिनच्याच तेलात फिरणार म्हणजे तेल लवकर मार खाणार, ते वेळेवर बदलायलाच हवं. पत्र्याचे वेल्डिंगचे सांधे बाहेरच्या बाजूला ठेवले कारण बनवायला स्वस्त, पण तिथे पाणी मुरतं आणि गंज आतून पोखरत जातो. पहिल्या वर्षीच्या गाड्यांत तर फ्लोअरचा सांधाच असा होता की पावसात पाणी आत यायचं, खालची कार्पेट ओलीचिंब. मागच्या सबफ्रेमचं, म्हणजे मागची चाकं ज्याला जोडलेली असतात त्या सांगाड्याचं वेगळं सांगायला नको, मिनी ठेवलेल्या प्रत्येकाने ती एकदा तरी बदललीय नाहीतर बदलायची ठेवलीय.

आणि तो डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगीची वीज वाटून देणारा भाग! प्रोटोटाइपमधे इंजिन उलट्या बाजूने बसवलेलं होतं, नंतर ते १८० अंशात फिरवलं आणि डिस्ट्रिब्युटर आला थेट पुढच्या ग्रिलच्या मागे. जोराच्या पावसात समोरून फवारा आला की स्पार्क गेला, गाडी रस्त्याच्या मधोमध बंद. यावर लोकांनी काढलेला उपाय म्हणजे भांडी घासायचा रबरी हातमोजा. बोटांची टोकं कापायची, चार बोटांतून चार प्लगच्या वायरी काढायच्या, अंगठ्यातून कॉइलची मधली वायर, आणि मनगटाचा भाग डिस्ट्रिब्युटरच्या कॅपवर ओढून घट्ट बसवायचा. बरोब्बर पाच वायरी, पाच बोटं. कुठल्याही मॅन्युअलपेक्षा हे एकाने दुसऱ्याला सांगत सांगत पसरलं, आणि माझ्या दृष्टीने मिनीवाल्यांच्या मैत्रीचा पाया हाच आहे, की तुझी गाडी जिथे अडते तिथेच माझीही अडते.

रेसिंगमुळे यात भर पडली हे नाकारत नाही. जॉन कूपर हे ग्रांप्रीच्या गाड्या बनवणारे, त्यांनी इसिगोनिसच्या मागे लागून १९६१ ला मिनी कूपर आणली, १९६३ ला कूपर एस. १९६४ ला पॅडी हॉपकर्कने माँटे कार्लो जिंकली, ६५ ला टिमो माकिनेन, ६७ ला राउनो आल्टोनेन. ६६ ला पहिले तिन्ही नंबर मिनीचेच आले होते पण हेडलाइटच्या बल्बवरून सगळ्यांना बाद केलं, त्याचा राग जुन्या लोकांच्या बोलण्यात अजून येतो. या जिंकण्याचा साध्या मालकाला झालेला फायदा म्हणजे ट्यूनिंगचे पार्ट. जास्त हवा ओढणारा हेड, एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर, रुंद चाकं, असं सगळं काउंटरवर मिळायला लागलं आणि ८५० सीसीची साधी मिनी घेतलेला पोरगाही शनिवार-रविवारी गॅरेजमधे काहीतरी करत बसू शकला.

मग १९८० ला ऑस्टिन मेट्रो आली. मिनीचा काळ संपला, आता हीच तिची जागा घेणार असं सगळ्यांनी धरलं होतं. पण मेट्रोत इंजिन कुठलं, तर तीच ए-सीरीज, थोडी सुधारलेली, आणि तशीच आडवी, तसाच खाली गिअरबॉक्स. मेट्रोचा पत्राही गंजणाराच, त्यामुळे काही वर्षांत भंगारच्या यार्डात मेट्रोंची रांग लागली ज्यांची बॉडी गेलेली पण १२७५ सीसीचं इंजिन ठणठणीत. ९९८ सीसीची मिनी असलेल्यांना खजिनाच सापडला. मेट्रोचं इंजिन उचलायचं, मिनीत उतरवायचं, पुढचे डिस्क ब्रेकही मेट्रोचेच घ्यायचे, फक्त ते १० इंची चाकात मावत नाहीत म्हणून चाकं १२ इंची करायची. कंपनीनेही १९८४ ला मिनीला १२ इंची चाकं आणि मोठे डिस्क दिलेच की. जिने मिनीला घरी बसवायचं तीच तिला इंजिनं पुरवत राहिली, आणि मेट्रोचा वंश १९९७-९८ च्या सुमारास संपला तरी मिनी बनतच होती.

क्लब याच सगळ्यातून वाढले. एकट्याने इंजिन उचलता येत नाही, क्रेन कोणाकडे तरी असते, वेल्डिंग कोणाला तरी येतं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी जर्मनीत आंतरराष्ट्रीय मिनी मीटिंग सुरू झाली, ती दर वर्षी वेगळ्या देशात भरते. तिथे सगळ्या गाड्या एकसारख्या नसतात हे बघण्यासारखं आहे, कारण मिनी काही फक्त ब्रिटनमधे बनली नाही. इटलीत इनोसेंती कंपनीने बनवली, आतून जास्त देखणी. ऑस्ट्रेलियातल्या मिनीला खाली-वर होणाऱ्या काचा १९६५ ला मिळाल्या, ब्रिटिश मालक तेव्हा सरकत्या काचांवरच होते आणि १९६९ पर्यंत राहिले. नव्वदच्या दशकात जपानने तर इतक्या मिनी घेतल्या की उत्पादन चालू राहायला त्याचा मोठा हात होता, कूपर नावही १९९० ला परत आलं. शेवटची गाडी लाँगब्रिजच्या कारखान्यातून ४ ऑक्टोबर २००० ला बाहेर पडली, तोवर ५३ लाखांच्या वर मिनी बनल्या होत्या.

सध्या मंडळींमधे खरा वाद आहे तो ओरिजिनल ठेवायची की बदलायची यावर. ब्रिटनमधे विटनी गावी ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीकडे जुन्या डायवर, म्हणजे साच्यांवर दाबलेल्या पत्र्यातून नवी कोरी बॉडी आजही बनते. म्हणजे पूर्ण सडलेल्या गाडीतून इंजिन, सबफ्रेम, दारं काढून नव्या बॉडीत घालता येतात, पण मग ती गाडी १९६५ ची म्हणायची का? हा प्रश्न नुसता गप्पांचा नाही, कारण तिथे ४० वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स माफ आहे, मोठे बदल नसतील तर एमओटी ही दर वर्षीची गाडीची तपासणीही, आणि वर्ष कुठलं धरायचं त्यावर हे सगळं ठरतं. शिवाय खऱ्या कूपर एसच्या किमती इतक्या वर गेल्यात की साध्या मिनीला कूपर बनवून विकणारेही आले, म्हणून घेणारा आता गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेट मागवतो, ज्यात गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाचा इंजिन नंबर, रंग वगैरे लिहिलेलं असतं.

मी स्वतः बदलणाऱ्यांच्या बाजूचा आहे. मेट्रोचं इंजिन, १२ इंची चाकं, ग्रिलमागे हातमोजा, हे त्या गाडीच्या इतिहासाचेच भाग आहेत आणि ते पुसून तिला १९५९ च्या शोरूममधे नेऊन उभं करायचं कारण मला दिसत नाही. फक्त मूळ कूपर एस असेल तर तिला हात लावू नका, तशा फार थोड्याच उरल्यात. बाकी कुठलीही मिनी असो, काय काढलं आणि काय घातलं त्याची बिलं आणि फोटो फाइलला लावून ठेवा, पुढच्या मालकाला त्या फाइलवरूनच कळणार आहे की गाडीत नक्की काय काय आहे.