वृद्धांच्या आरोग्यसेवेचं शिक्षणसाहित्य आणि त्याची देवाणघेवाण (खान्देश)

म्हाताऱ्या माणसांना तपासणारे, त्यांना औषध देणारे, त्यांच्या घरी जाणारे जे कोणी आहेत, म्हणजे डॉक्टर, सिस्टर, सीएचओ (उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी), फिजिओ, मेडिकलवाला, आशाताई, या सगळ्यांनी आपलं शिकायचं-शिकवायचं साहित्य एकमेकांना देणं, आपल्या पेशंटला बसेल असं बदलून घेणं आणि बदललेलं परत पुढं पाठवणं, याला ही देवाणघेवाण म्हणायचं. साहित्य म्हणजे तपासणीचे फॉर्म, व्हिडिओ, केस, चार्ट, औषधांच्या याद्या असं काहीही. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आज यातलं बरंचसं व्हॉट्सॲप ग्रुपवर चालतं, आणि खरं सांगायचं तर तिथं फॉरवर्ड भरपूर होतं पण बदलून परत कोणी टाकत नाही, सगळी अडचण तिथंच आहे.

गरज का पडली

2011 च्या जनगणनेत भारतात 60 च्या वरची माणसं साधारण 10.4 कोटी होती. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं 2017-18 मध्ये ‘लासी’ नावाची मोठी पाहणी केली, तिचा रिपोर्ट 2021 ला आला, त्यात चारपैकी तीन म्हाताऱ्यांना एक तरी जुनाट आजार असल्याचं दिसलं. आणि हे बघणारे स्पेशालिस्ट किती? जेरियाट्रिक्समध्ये, म्हणजे वृद्धांच्या वैद्यकात, एमडी करायची सोय देशात पहिल्यांदा मद्रास मेडिकल कॉलेजात झाली तीच मुळी 1996 ला. त्यामुळं शहाद्याच्या किंवा पारोळ्याच्या आजीला बघणारा माणूस एमबीबीएस नाहीतर बीएएमएस असतो, नाहीतर उपकेंद्रातली सिस्टर असते, ज्यांच्या अभ्यासक्रमात हा विषय तुकड्या-तुकड्यांनी येऊन गेलेला असतो, थोडा मेडिसिनमध्ये, थोडा पीएसएममध्ये (रोगप्रतिबंध आणि सामाजिक आरोग्याचा विषय). बाकीचं नोकरीत शिकायचं, म्हणून साहित्य लागतं.

काय काय उपलब्ध आहे

नाही म्हणायला भरपूर आहे. केंद्र सरकारचा वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010-11 ला सुरू झाला, जिल्हा रुग्णालयात 10 खाटांचा वॉर्ड, प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्याला एक क्लिनिक अशी त्याची आखणी. पुढं आयुष्मान भारतमध्ये वृद्धसेवा आली तशी मेडिकल ऑफिसर, नर्स, सीएचओ, आशा यांच्यासाठी ट्रेनिंग मॉड्यूल आली. आशाताई घरोघरी आजारांचा धोका बघायला जो सीबॅक फॉर्म भरतात त्यातही 60 च्या पुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत, उभं राहताना-चालताना तोल जातो का, आंघोळ-कपडे-जेवण यात दुसऱ्याची मदत लागते का, जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का. साधे प्रश्न आहेत पण नीट विचारले तर अर्धं काम तिथंच होतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 ला ‘आयकोप’ची, म्हणजे वृद्धांच्या एकत्रित देखभालीची, पुस्तिका काढली, त्यात स्मरण, चालणं-फिरणं, खाणंपिणं, नजर, ऐकणं आणि मन अशा सहा बाजू बघायच्या असतात. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून पाच वेळा उठायचं-बसायचं, 14 सेकंदांत झालं तर ठीक. एवढ्यासाठी मशीन लागत नाही, मोबाईलमधलं घड्याळ पुरतं. खुर्ची मात्र भिंतीला टेकवून ठेवायची, नाहीतर ती प्लास्टिकची खुर्ची मागं सरकते आणि टेस्ट घेता घेताच आजी पडायच्या. हे शेवटचं वाक्य मराठी चार्टवर आलंच पाहिजे, कारण केंद्रात खुर्ची बहुतेक वेळा तीच असते.

इथं बसवताना

खरी मेहनत इथं आहे. आयकोपमध्ये स्मरणासाठी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगतात, पुस्तिकेत उदाहरण म्हणून फूल, दार, तांदूळ दिलेत, ते कुठंही चालतील. पण त्याच्याच सोबतचा प्रश्न आहे, आजची पूर्ण तारीख काय? आता साक्रीकडच्या किंवा धडगावच्या एखाद्या आजीनं उभ्या आयुष्यात तारखेवर काहीच केलेलं नाही, तिचं वर्ष आखाजी (अक्षय्य तृतीया), पोळा, कानबाई (देवीचा सण) असं फिरतं, तिला 17 तारीख विचारून ‘फेल’ लिहिलं तर तो आजार तिचा नाही, आपल्या फॉर्मचा. ही अडचण नवी नाही. हरियाणातल्या बल्लभगडला 90 च्या दशकात डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) अभ्यास झाला तेव्हा शाळा न शिकलेल्या माणसांसाठी हिंदीत वेगळी चाचणी बसवून घेतली, लिहा-वाचायचे प्रश्न बदलून टाकले. आपल्याकडं आखाजी होऊन किती दिवस झाले, आता कोणतं पीक उभं आहे, गावाचा बाजार कोणत्या वारी, असं विचारता येतं. फक्त एक आहे, असे बदललेले प्रश्न निदानासाठी लगेच वापरायचे नसतात, आधी बऱ्याच माणसांवर तपासून घ्यावे लागतात, आणि हे काम एका आरोग्य केंद्राचं नाही, कॉलेजचं आहे. धुळ्याला भाऊसाहेब हिरे मेडिकल कॉलेज आहे, जळगावला आणि नंदुरबारला पण सरकारी कॉलेज झाली, पीजीच्या पोरांना थीसिसला विषय हवेच असतात.

पडण्याचंही तसंच. अमेरिकन हँडआऊटमध्ये बर्फ साचलेल्या पायऱ्या, बाथटब, गालिच्याची दुमडलेली कड. इथं उंबरठा, ओल्या शेणानं नुकतंच सारवलेलं अंगण, मोरीतलं शेवाळ आणि रात्री बॅटरी न घेता परसाकडं जाणं. उन्हाळ्यावरचं पान तर बाहेरच्या साहित्यात सापडलं तरी ते आपल्या कामाचं नसतं, मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 च्या वर जातो, म्हातारपणी तहान कमी लागते, त्यात बीपीची लघवी वाढवणारी गोळी चालू, आणि आजी विचारलं की म्हणतात ‘चक्कर येस, बाकी काही नई’. हे एक पान खान्देशातल्याच कोणीतरी लिहायचंय.

भाषेबद्दल थोडक्यात, अहिराणी, लेवा गणबोली, भिली, पावरी, तडवी अशा बोली आहेत, प्रमाण मराठीतला चार्ट सातपुड्यात पुरत नाही. तिथं लिहिलेल्यापेक्षा तिथल्याच आशाताईच्या आवाजातली दोन मिनिटांची ऑडिओ क्लिप जास्त चालते.

औषधांची पिशवी

शिकवायला याच्यापेक्षा चांगली केस नाही. पेशंटला सांगायचं, घरात असतील नसतील तेवढी सगळी औषधं पिशवीत घालून आणा, आणि टेबलावर ओतायची. त्यात निघतं काय, शुगरची ग्लिबेनक्लामाईड, गुडघ्यासाठी मेडिकलवरून आणलेली डायक्लोफिनॅक, सर्दीची क्लोरफेनिरामाईन असलेली गोळी, झोपेची अल्प्राझोलाम, आणि वेगवेगळ्या ब्रँडच्या नावाखाली एकच बीपीची गोळी डबल. यातल्या पहिल्या चारही गोळ्या बिअर्स यादीत आहेत, म्हणजे 65 च्या पुढं टाळायच्या किंवा फार जपून द्यायच्या औषधांची यादी. ती 1991 ला मार्क बिअर्स यांनी सुरू केली, आता अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी ती सुधारत असते. आयर्लंडमधून आलेली स्टॉप-स्टार्ट ही दुसरी यादी, ती काय बंद करायचं याच्यासोबत काय द्यायचं राहून गेलंय हेही सांगते, त्यामुळं शिकवायला मला तीच जास्त बरी वाटते. अशा पिशवीचा फोटो, नाव-गाव झाकून, आणि खाली चार ओळींचा खुलासा, हे 60 पानी पीडीएफपेक्षा जास्त वाचलं जातं.

परवानगीचं काय

नेटवर आहे म्हणजे फुकट आहे असं नसतं. एमएमएसई ही स्मरणाची चाचणी 1975 ला आली, पाव शतक सगळ्यांनी झेरॉक्स मारून वापरली, मग 2001 च्या सुमारास एका कंपनीकडं हक्क गेले आणि फॉर्मला पैसे लागायला लागले. याच्या उलट म्हातारपणातल्या नैराश्याची जीडीएस ही प्रश्नावली, 30 प्रश्नांची आणि 15 प्रश्नांची छोटी, ती सगळ्यांसाठी मोकळी आहे. जागतिक आरोग्य संघटनेची बरीच पुस्तकं आता क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सवर असतात, भाषांतर करता येतं, विकता येत नाही, आणि भाषांतर त्यांनी केलेलं नाही हे लिहावं लागतं. म्हणून ग्रुपवर टाकताना मूळ कोणाचं, लायसन्स कोणतं, आपण काय बदललं, या तीन गोष्टी पहिल्या पानावर हव्यात. लोक नेमकं तेच पान कापून टाकतात.

पोचवायचं कसं

न्यू मेक्सिकोत 2003 ला डॉ. संजीव अरोरा यांनी ‘एको’ पद्धत सुरू केली, हिपॅटायटिस सी साठी. मोठ्या हॉस्पिटलचे तज्ज्ञ आणि लांबचे डॉक्टर व्हिडिओवर बसतात, लांबचा डॉक्टर केस मांडतो, सगळे बोलतात, पेशंट मात्र त्याच डॉक्टरकडं राहतो. पुढं ही पद्धत भारतात पण आली. धुळे-जळगावचं कॉलेज मध्ये आणि तालुक्यांची केंद्रं भोवती अशी रचना त्यात सहज बसते. पण मोलगी, तोरणमाळकडच्या पाड्यांवर रेंजचा भरवसा नाही, तिथं लाईव्ह सेशन धरून चालत नाही, रेकॉर्डिंग लहान साईजचं करून मीटिंगच्या दिवशी पेनड्राईव्हवर द्यावं लागतं, सोबत लॅमिनेट केलेला एक पानी चार्ट. दिसायला जुनाट वाटतं पण भिंतीवर तोच टिकतो.

पेशंटचा व्हिडिओ असेल तर त्यांची स्वतःची संमती हवी, मुलाची नाही. डिमेन्शियाच्या पेशंटबाबत हे अवघड होतं, तिथं व्हिडिओऐवजी स्टाफमधल्याच कोणीतरी ॲक्टिंग केलेली बरी, आणि ती फार मजेशीर पण होते.

फाईलच्या नावातच वर्ष घालायचं. बिअर्सची 2023 ची आवृत्ती सांगते की हार्टचा आजार झालेला नसताना म्हाताऱ्यांना ॲस्पिरिन नव्यानं सुरू करू नका, आणि त्याच ग्रुपवर जुन्या आवृत्तीची पीडीएफ पण फिरत असते, वर तारीख नसते, सिस्टरनी कोणती धरायची.